जुना स्विच जोडला आणि तिन्ही शेड थांबल्या

प्रश्न : वाडीला, अमरावती रोडपासून थोडं आत आमचं गोडाऊन आहे. तीन शेड आणि एक ऑफिस. तिथले कॉम्प्युटर आणि नेटवर्क मी बघतो. मे महिन्यात भर दुपारी दोन नंबरच्या शेडमधला स्विच गरमीनं गेला. नवा यायला चार दिवस लागणार होते, म्हणून शहरातल्या आमच्या जुन्या ऑफिसमधून काढून कपाटात ठेवलेला स्विच आणून लावला. मिनिटभरात तिन्ही शेडमधले बारकोड स्कॅनर, काट्याचा कॉम्प्युटर, कॅमेरे, सगळं बंद पडलं. घाबरून तो स्विच काढला, तरी काहीच सुरू झालं नाही. गेटवर ट्रकांची रांग आणि आत हातानं बिल्ट्या लिहिणं सुरू. रात्री नऊला बाहेरून इंजिनिअर आला, त्यानं दहा मिनिटं काहीतरी टाइप केलं आणि सगळं परत आलं. विचारलं तर एवढंच म्हणाला, 'व्हीटीपीनं लिस्ट उडवली.' स्विच एकमेकांना नेमकं काय सांगतात? एका जुन्या स्विचचं बाकीच्यांनी का ऐकलं? आणि तो काढल्यावरही बिघाड का राहिला?
— एक वाचक, वाडी (नागपूर)

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. स्विच काढल्यावरही बिघाड राहिला, कारण तो जुना स्विच बिघडलेलाच नव्हता. तो ठणठणीत होता. त्यानं बाकीच्या स्विचेसना एक यादी दिली, त्यांनी ती आपापल्या जवळ उतरवून घेतली आणि आधीची टाकून दिली. देणारा निघून गेला म्हणून उतरवलेली यादी पुसली जात नाही. पण ही यादी कसली आणि ती इतक्या बिनबोभाट का उतरवली गेली, हे सांगायला थोडं मागून यावं लागेल.

ईथरनेटच्या जाळ्यात काही निरोप सगळ्यांच्या कानावर पडतात. 'अमुक पत्ता कोणाचा?' असं एका यंत्रानं विचारलं की जोडलेलं प्रत्येक यंत्र ते ऐकतं. दहा-वीस यंत्रं असतील तर चालून जातं. स्कॅनर, कॅमेरे, प्रिंटर मिळून आकडा शेकड्यांत गेला की हा गोंगाट जड होऊ लागतो. शिवाय ड्रायव्हर मंडळींसाठी ठेवलेल्या वायफायवरून काट्याचा कॉम्प्युटर दिसावा, हेही बरं नाही. म्हणून एकाच स्विचचे आतल्या आत वेगळे भाग पाडतात आणि प्रत्येकाला नंबर देतात. समजा तुमच्याकडे स्कॅनर आणि काटा १० मध्ये, ऑफिस २० मध्ये, कॅमेरे ३० मध्ये. तारा त्याच, डबे तेच, पण १० मधली हाक २० मध्ये ऐकू जात नाही. या भागाला व्हीलॅन म्हणतात. ही कल्पना १९८०च्या दशकातली, अमेरिकेतल्या बेलकोर या संशोधनसंस्थेतली. तिथे डब्ल्यू. डेव्हिड सिंकॉस्की हे ईथरनेटची जाळी खूप मोठी कशी करता येतील या प्रश्नावर काम करत होते. त्याआधी त्यांनी ईथरनेटवरून टेलिफोनचा आवाज नेण्याचे प्रयोग केले होते.

आता दोन शेडमधले स्विच जोडणारी तार घ्या. ती एकच असते आणि तिच्यातून १०, २०, ३० सगळ्यांची वाहतूक होते. या तारेला ट्रंक म्हणतात. ट्रान्सपोर्टमध्ये दिवस काढलेल्या माणसाला पुढचं सांगायची गरज नाही. एका ट्रकमध्ये पंधरा व्यापाऱ्यांचा माल भरला की प्रत्येक नगावर बिल्टीचा नंबर टाकावाच लागतो, नाहीतर उतरवणाऱ्याला काय कळणार? ट्रंकवर जाणाऱ्या चौकटींवर, म्हणजे फ्रेमवर, सहसा असाच चार बाइटचा टॅग लागतो. त्याची पद्धत आयईईई ८०२.१क्यू या मानकात १९९८ साली ठरली. टॅगमधले बारा बिट व्हीलॅनच्या नंबरासाठी असतात. त्यात ४०९६ संख्या मावतात, पहिली आणि शेवटची राखीव, म्हणजे वापरायला १ ते ४०९४.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा, सगळं प्रकरण तिच्यावर उभं आहे. समोरच्या स्विचच्या यादीत ३० हा नंबरच नसेल, तर ३० चा टॅग लावून आलेला माल तो उतरवून घेत नाही, टाकून देतो. म्हणजे तुमच्या जाळ्यातल्या प्रत्येक स्विचकडे व्हीलॅनची यादी असली पाहिजे आणि ती जुळली पाहिजे. आठ स्विच असतील आणि उद्या ४० नंबरचा नवा व्हीलॅन काढायचा असेल, तर आठ ठिकाणी तेच टाइप करायचं. सातव्या ठिकाणी १४० लिहिलं गेलं की एक शेड मुकी.

ही मेहनत वाचवायला सिस्कोनं व्हीटीपी बनवला. व्हीलॅन ट्रंकिंग प्रोटोकॉल असं त्याचं पूर्ण नाव आहे आणि त्या नावानं पुष्कळ विद्यार्थ्यांची दिशाभूल होते. तो ट्रंक तयार करत नाही. तयार असलेल्या ट्रंकवरून तो व्हीलॅनची यादी शेजारच्या स्विचला पोचवतो. यादीत काय असतं? व्हीलॅनचा नंबर, त्याचं नाव, प्रकार, तो चालू आहे की स्थगित, असं थोडंसंच. कोणतं पोर्ट कोणत्या व्हीलॅनमध्ये आहे हे त्यात नसतं. ते प्रत्येक स्विचचं घरचं काम, तिथल्या तिथे लिहून ठेवलेलं. गावोगावच्या शाखांची यादी मुख्य ऑफिसनं सगळ्या शाखांना पाठवावी, पण कोणत्या दारातून कोणाचा माल घ्यायचा ते प्रत्येक गोडाऊननं आपलं ठरवावं, तसं.

ही यादी ज्यांच्यात फिरते त्या स्विचेसचं एक डोमेन असतं आणि त्याला नाव असतं. मोठी-लहान इंग्रजी अक्षरंही जुळावी लागतात. नाव वेगळं असेल तर स्विच एकमेकांच्या यादीकडे ढुंकून पाहत नाहीत. पासवर्ड ठेवला असेल तर तोही जुळावा लागतो. पण पासवर्ड ठेवायलाच हवा अशी सक्ती नाही आणि पुष्कळ ठिकाणी तो ठेवलेला नसतो. कारखान्यातून आलेल्या कोऱ्या स्विचला डोमेनचं नावच नसतं. पहिल्यांदा जी घोषणा कानावर पडेल तिचं नाव तो स्वतःला लावून घेतो. कोरा स्विच जाळ्यात जोडला की आपोआप चालू लागतो, त्याचं कारण हे. हा भोळेपणा मुद्दाम ठेवलेला आहे, लावणाऱ्याचं काम सोपं व्हावं म्हणून.

यादीत बदल झाला की लगेच, आणि बदल नसला तरी दर ३०० सेकंदांनी, स्विच ट्रंकवर एक छोटी घोषणा करतो: माझं डोमेन हे, माझ्या यादीचा रिव्हिजन नंबर हा. शेजाऱ्याचा नंबर तेवढाच किंवा जास्त असेल तर तो काही करत नाही. कमी असेल तर तो पूर्ण यादी घेतो आणि स्वतःची जुनी यादी काढून तिच्या जागी ती बसवतो. दोन्ही याद्यांची बेरीज होत नाही. सगळी जुनी जाते, सगळी नवी येते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या रिव्हिजन नंबरात आहे. हा नंबर शून्यापासून सुरू होतो आणि यादीत प्रत्येक बदल झाला की एकानं वाढतो. एक नवा व्हीलॅन काढला, नंबर एकानं वाढला. तोच पुसला, आणखी एक वाढला. म्हणजे यादी होती तशीच राहिली आणि नंबर दोननं पुढे गेला. हा नंबर किती वेळा हात लागला ते सांगतो. कधी लागला, कोणाचा लागला, शहाणपणानं लागला की नाही, यातलं तो काहीच सांगत नाही. आणि स्विच मात्र 'मोठा नंबर म्हणजे ताजी यादी' असं समजून चालतात.

तुमच्या जुन्या ऑफिसमध्ये काही वर्षं लोकांनी व्हीलॅन काढले असतील, पुसले असतील, नावं बदलली असतील. समजा तो नंबर ८७ वर गेला होता. वाडीचं गोडाऊन नवं, यादी एकदा केली आणि कोणी हात लावला नाही, म्हणून तिथला नंबर १२. मालक एकच, आणि दोन्ही ठिकाणी डोमेनचं नाव तेच ठेवलेलं. लोक कंपनीचंच नाव ठेवतात, त्यामुळे हे फार ठिकाणी घडतं. तुम्ही तार जोडली, ८७ म्हणाला माझी यादी घ्या, आणि १२ नं घेतली. त्या यादीत जुन्या ऑफिसचे ५० आणि ६० असतील, १०, २० आणि ३० नव्हते. पहिल्या स्विचनं ती घेतली तेव्हा त्याचाही नंबर ८७ झाला, त्यानं पुढच्याला सांगितलं आणि काही सेकंदांत तिन्ही शेडमध्ये तेच झालं.

तुम्ही विचाराल की घोषणेबरोबर तारीख-वेळ का पाठवत नाहीत? पाठवतात. शेवटचा बदल कोणत्या पत्त्यावरून आणि केव्हा झाला, हे दोन्ही त्या घोषणेत असतं, पण कोणाची यादी घ्यायची हे त्यावरून ठरत नाही. माझ्या मते वेळेवर विसंबणंही धोक्याचंच झालं असतं. या जातीच्या कित्येक स्विचेसना वीज गेल्यावर चालत राहील असं घड्याळ नसतं. बाहेरून वेळ मिळाली नाही तर सुरू होताना ते १ मार्च १९९३ ही तारीख धरून बसतात. मोजणीवर भरवसा ठेवण्यामागे तर्क होता. उणीव राहिली ती ही की यादी बदलायचा अधिकार कोणाला, हा प्रश्नच व्हीटीपीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांनी विचारला नाही.

त्यांच्यात स्विचचे सर्व्हर, क्लायंट आणि ट्रान्सपरंट असे तीन प्रकार आहेत आणि पुस्तकात लिहिलेलं असतं की सर्व्हरवर यादी बदलता येते, क्लायंटवर येत नाही. त्यावरून वाटतं की क्लायंट निरुपद्रवी. मलाही तसंच वाटलं होतं. काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेत मी सरावाच्या प्रयोगशाळेतला स्विच चालू जाळ्यात जोडला. तो क्लायंट आहे याची खात्री करून घेतली होती, म्हणून निर्धास्त होतो. पण प्रयोगशाळेत तो तिथल्या सर्व्हरकडून यादी घेत घेत फार वरच्या नंबरावर पोचलेला होता. क्लायंटवर माणसाला टाइप करून बदल करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याजवळची यादी आणि नंबर तो पुढे सांगतोच, आणि सर्व्हर असलेला स्विचसुद्धा मोठा नंबर ऐकून मान तुकवतो. दुसऱ्या दिवशी मुलांची ऑनलाइन परीक्षा होती. ती रात्र मी विसरलेलो नाही.

तुमच्या इंजिनिअरनं दहा मिनिटांत काय केलं असेल ते आता सांगता येईल. यादीतून २० नंबर पुसला गेला तरी पोर्टच्या नोंदीत 'मी २० मधला' हे लिहिलेलं तसंच राहतं. ती नोंद व्हीटीपीच्या हाती नाही, म्हणून ती वाचते. पण २० अस्तित्वातच नाही म्हणून पोर्ट निष्क्रिय होऊन बसतं. ते आपोआप १ नंबरमध्येही जात नाही. व्हीलॅनची यादी मागवून पाहिली तर ती पोर्टं कुठेच दिसत नाहीत आणि अनुभवी माणूस तेवढ्यावरून ओळखतो. मग सर्व्हर असलेल्या कोणत्याही एका स्विचवर बसून १०, २०, ३० पुन्हा काढायचे. त्या स्विचचा नंबर एव्हाना ८७ झालेला आहे. तीन बदल झाले की तो ९० होतो आणि ज्या रस्त्यानं यादी उडाली त्याच रस्त्यानं नवी यादी सगळीकडे जाते. व्हीलॅन परत आला की त्याची वाट बघत बसलेली पोर्टं जागची उठतात. एकेका पोर्टला हात लावावा लागत नाही. तुमच्याकडे कोणता नंबर कशासाठी आहे हे एका कागदावर लिहिलेलं असतं, तर दुपारीच हे तुम्ही स्वतः केलं असतं. तो कागद आजच करा आणि रॅकच्या दाराला आतून चिकटवा.

आणखी एक खूण सांगतो. १ नंबरचा व्हीलॅन पुसता येत नाही. कधी सगळं बंद पडलं आणि १ मध्ये राहिलेलं एखादं यंत्र तेवढं चालू दिसलं, तर तारा तपासत बसू नका, आधी यादी बघा.

आता पुढे काय करायचं. जुना स्विच लावण्याआधी तो 'साफ' केला होता, असं कोणी तुम्हाला सांगेल. साफ करणं म्हणजे बहुतेक जण सुरुवातीच्या मांडणीची फाइल पुसतात. व्हीटीपीचं डोमेन, नंबर आणि व्हीलॅनची यादी त्या फाइलीत नसते. ती फ्लॅशमध्ये 'व्हीलॅन डॉट डॅट' नावाच्या वेगळ्या फाइलीत असते आणि ती तशीच राहते. या एका गोष्टीनं माझ्या माहितीतल्या किती माणसांच्या रात्री गेल्या आहेत! स्विच एकटा, कोणत्याही तारेशिवाय सुरू करा, 'शो व्हीटीपी स्टेटस' लिहून रिव्हिजन नंबर वाचा. तो शून्यावर आणायला त्याला ट्रान्सपरंट करून पुन्हा पूर्वीसारखं करा, किंवा डोमेनचं नाव बदलून परत मूळ नाव द्या. ती फाइल पुसून स्विच पुन्हा सुरू केला तरी चालतं. शून्य स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय तार जोडू नका.

तुमच्याएवढ्या जागेत व्हीटीपी वापरावा का, असं विचाराल तर माझं मत स्पष्ट आहे: वापरू नका. तीन शेड आणि ऑफिस मिळून फार तर आठ-दहा स्विच. व्हीलॅन वर्षातून एखाद्या वेळी वाढतो. तेवढ्यासाठी आठ ठिकाणी टाइप करणं जड नाही. सगळे स्विच ट्रान्सपरंट करा. मग प्रत्येकाची यादी त्याची स्वतःची राहते. शेजाऱ्याची घोषणा तो पुढे जाऊ देतो, स्वतः मात्र घेत नाही. आणखी एक फायदा असा की पहिल्या दोन आवृत्त्यांची यादी १००५ पर्यंतच जाते आणि त्यातलेही शेवटचे चार जुन्या तंत्रांसाठी राखीव. १००६ पासूनचे व्हीलॅन हवे असतील तर त्या आवृत्त्यांत ट्रान्सपरंटच व्हावं लागतं.

जिथे स्विच शंभरांनी आहेत तिथे तिसरी आवृत्ती आहे आणि तिनं अधिकाराचा प्रश्न सोडवला. तिच्यात एका स्विचला मुद्दाम आज्ञा देऊन 'प्रायमरी सर्व्हर' करावं लागतं. यादी बदलायचा हक्क फक्त त्याचा. दुसरा कोणी कितीही मोठा नंबर घेऊन आला तरी बाकीचे त्याचं ऐकत नाहीत. डोमेनचं नावही कोरा स्विच ऐकून लावून घेत नाही, माणसानंच द्यावं लागतं. यादी ४०९४ पर्यंत जाते. व्हीटीपी पुरता बंद ठेवण्याची सोयही यात आहे.

हे सगळं सिस्कोच्या घरचं झालं. तुमचे निम्मे स्विच दुसऱ्या कंपनीचे असतील तर ते ही भाषा बोलत नाहीत. त्यासाठी आयईईईनं आधी जीव्हीआरपी आणि पुढे २००७ मध्ये ८०२.१एके या मानकातून एमव्हीआरपी आणला. त्याचा विचारच वेगळा आहे आणि मला तो आवडतो. तिथे वरून यादी येत नाही. प्रत्येक स्विच आपल्याला काय हवं ते सांगतो: माझ्या या बाजूला ३० लागतो. शेजारी ती गरज नोंदवून पुढे कळवतो. गरज संपली, सांगणं थांबलं, की नोंद काही वेळानं गळून पडते. कोणाचा नंबर मोठा हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. प्रत्यक्षात आज पुष्कळ मोठ्या कंपन्या या दोन्ही वाटा सोडून एका मध्यवर्ती संगणकावर सगळ्यांची मांडणी लिहून ठेवतात आणि तिथून ती प्रत्येक स्विचवर उतरवतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण प्रकरणाची सुरुवात तिथूनच झाली. ऑफिससाठी बनवलेल्या बऱ्याचशा स्विचेसची हमी ४० ते ४५ अंशांपर्यंतच असते. मे महिन्यात नागपुरात सावलीतलाच पारा ४५ च्या आसपास असतो, तर पत्र्याखाली काय होत असेल? शेडमध्ये गरम हवा वर जाऊन पत्र्याला टेकून राहते आणि आपण स्विचचा डबा नेमका तिथेच, हात लागू नये म्हणून उंचावर बसवतो. तो खांद्याच्या उंचीला, कुलूपबंद जाळीच्या रॅकमध्ये आणा. पंख्यातली धूळ एप्रिलच्या सुरुवातीला काढा. शक्य असेल तर त्या शेडपुरता उष्णता सोसणारा, कारखान्यांसाठीचा स्विच घ्या. तो महाग असतो, पण एका दुपारच्या थांबलेल्या ट्रकांचा हिशोब मालकांसमोर ठेवलात तर ते ऐकतील.

आणि तो जुना स्विच. तो बहुधा पुन्हा कपाटात गेला असेल, ८७ नंबर घेऊन. तुमचं जाळं आता ९० वर आहे, म्हणून आज तो जोडलात तर तोच मुकाट्यानं तुमची यादी घेईल. पण मधल्या काळात कोणी सरावासाठी म्हणून त्याच्यावर चार व्हीलॅन काढले, तर तो ९१ होईल. या आठवड्यात वेळ काढून त्याला शून्यावर आणा आणि त्याच्या पाठीवर तारीख घालून पट्टी चिकटवा: व्हीटीपी ०.